नोकरी सांभाळून पॅरालीगलचे शिक्षण घ्यायचे आहे. कोणती वाट धरावी?

प्रश्न: वसुली विभाग, इचलकरंजी

नमस्कार. मी एकोणचाळीस वर्षांची असून इचलकरंजीतील एका पतसंस्थेत गेली चौदा वर्षे लेखनिक म्हणून काम करते. त्यातली शेवटची सहा वर्षे वसुली विभागात गेली. शिक्षण बी.कॉम., शिवाजी विद्यापीठ. थकीत कर्जदारांना आणि जामीनदारांना मागणी नोटिसा काढणे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवण्यासाठी सहायक निबंधकांकडे जाणाऱ्या अर्जाची कागदपत्रे जुळवणे, न वटलेल्या धनादेशांच्या फाइली संस्थेच्या वकिलांकडे पोहोचवणे आणि तारखा सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे. कायद्याचे शिक्षण मात्र काहीच नाही. जे येते ते पाहून आणि विचारून आलेले आहे.

गेल्या वर्षी घडलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एका कर्जदाराचा धनादेश अपुऱ्या शिल्लकीच्या शेऱ्यासह परत आला. बँकेचा मेमो आवक नोंदवहीत चढला, पण त्याच आडनावाच्या दुसऱ्या कर्जदाराच्या फाइलमध्ये तो लावला गेला, आणि सापडला तेव्हा छत्तिसावा दिवस होता. धनादेशाची तीन महिन्यांची मुदतही तोवर संपलेली असल्याने तो पुन्हा बँकेत भरण्याचा मार्ग राहिला नव्हता. वकिलांनी फाइल चाळली, तीस दिवस उलटून गेले एवढेच सांगितले आणि फाइल परत दिली. तीस दिवस कशाचे, ते कुणी ठरवले आणि त्यावर काही उपाय असतो की नाही, हे विचारायला मी दोन वेळा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा गप्प बसले. आपण रोज ज्या कागदांना हात लावतो त्यांचा अर्थ आपल्याला कळत नाही, याची त्या दिवशी फार खंत वाटली.

म्हणून आता पॅरालीगलचे, म्हणजे वकिलांच्या कामात साहाय्य करणाऱ्या विधी सहायकाचे, शिक्षण घ्यायचे ठरवले आहे. एका खासगी संस्थेने सहा महिन्यांचा ऑनलाइन पॅरालीगल अभ्यासक्रम सुचवला असून त्याचे शुल्क अठ्ठेचाळीस हजार रुपये आहे आणि शेवटी नोकरीची हमी असल्याचे ते सांगतात. इग्नूची पदविका असल्याचेही वाचले. घरातले म्हणतात, एवढे करायचे तर सरळ एलएल.बी. कर. मुलगी दहावीला आहे, कार्यालय सकाळी दहा ते सायंकाळी सहा असते, आणि मला अभ्यासाला रात्रीचे नऊ ते साडेदहा आणि रविवारची दुपार एवढाच वेळ मिळू शकतो. पॅरालीगल म्हणून आपल्याकडे खरोखर नोकरी असते का, त्यासाठी कोणते शिक्षण ग्राह्य धरले जाते आणि माझ्या वयाच्या व्यक्तीने कुठून सुरुवात करावी, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.

उत्तर १: कारकून, कोल्हापूर

ताई, मी बावीस वर्षे वकिलांच्या कार्यालयात कारकून म्हणून काम करतो आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाची एक बाजू मला जवळून माहीत आहे.

सर्वांत आधी अठ्ठेचाळीस हजारांविषयी. भारतात पॅरालीगल नावाचा कोणताही परवाना नाही, त्याची कोणतीही वैधानिक परीक्षा नाही आणि अमुक प्रमाणपत्र असल्याशिवाय वकिलाच्या कार्यालयात विधी सहायकाचे काम करता येणार नाही असा कोणताही नियम नाही. त्यामुळे प्रमाणपत्राने दार उघडते ही समजूत मनातून काढून टाका. दार उघडते ते कागद कळतो म्हणून. मुंबई-पुण्यातील मोठ्या विधी कंपन्या आणि परदेशी वकिलांची कामे करून देणाऱ्या कंपन्या करारनाम्यांची छाननी करण्यासाठी माणसे घेतात हे खरे आहे, पण तिथे बहुतेक ठिकाणी इंग्रजीवर पकड आणि कायद्याची पदवी पाहिली जाते. जो कुणी हमी देतो त्याला एकच विचारा: ती नोकरी कोणत्या शहरात, कोणत्या पदावर आणि किती पगाराची, हे लेखी देता का?

आता आपल्या छत्तीस दिवसांविषयी, कारण आपला खरा प्रश्न मला तिथे दिसतो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत धनादेश देणाऱ्याला लेखी मागणी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्याला पंधरा दिवस मिळतात, आणि त्या पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढील एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. फिर्याद दाखल करायला उशीर झाला आणि त्याला पुरेसे कारण असेल, तर कलम १४२ प्रमाणे न्यायालय तो उशीर माफ करू शकते. नोटिशीच्या तीस दिवसांना मात्र अशी माफी नाही. धनादेशाची मुदत शिल्लक असती तर तो पुन्हा भरून, पुन्हा मेमो घेऊन नव्याने नोटीस काढता आली असती, आणि तो मार्ग बंद झाल्याचे आपण स्वतःच लिहिले आहे. म्हणजे वकिलांनी सांगितले ते बरोबर होते, फक्त ते समजावून सांगायला त्यांना दोन मिनिटे मिळाली नाहीत. फौजदारी मार्ग बंद झाला तरी रक्कम बुडाली नाही, हेही लक्षात घ्या. कलम १०१ चा मार्ग आपल्या संस्थेला खुला असणारच.

हे एवढे आपण आज वाचले आणि उद्या कार्यालयात जाऊन चालू फाइलींना लावून पाहिले, की जे शिक्षण होते तेच खरे पॅरालीगलचे शिक्षण, असे माझे मत आहे. आपण कलम १०१ ची फाइल तयार करता, म्हणजे कर्जमागणी अर्ज, वचनचिठ्ठी, जामीनरोखा, खातेउतारा, मागणी नोटिसा आणि त्यांच्या टपाल पावत्या यांचा क्रम आपल्याला माहीत आहे. वकिलाच्या कार्यालयात नवीन आलेल्या कायद्याच्या पदवीधराला हे शिकायला वर्ष जाते.

काय वाचावे याविषयी एक युक्ती सांगतो. आपल्या संस्थेचा एखादा निकाली निघालेला दावा निवडा आणि वकिलांच्या परवानगीने त्याची संपूर्ण फाइल घरी आणा. दाव्यापासून सुरुवात न करता रोजनाम्यापासून करा. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय घडले ते एका-दोन ओळींत असते: समन्स परत आले, वकीलपत्र दाखल झाले, कैफियतीसाठी (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी) मुदत मागितली, निशाणी ५ वर (फाइलमधील त्या क्रमांकाच्या कागदावर) म्हणणे दाखल झाले, मुद्दे काढले, पुरसीस (न्यायालयाला लेखी निवेदन) दिली. प्रत्येक ओळ वाचली की त्या क्रमांकाची निशाणी फाइलमध्ये शोधायची आणि तो कागद वाचायचा. कैफियत तीस दिवसांत द्यायची असते आणि मुदत वाढवली तरी ती नव्वद दिवसांपर्यंत, हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. रोजनाम्यात तीन वेळा मुदतीचा अर्ज दिसला आणि चौथ्या तारखेला कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा हुकूम दिसला की कायमचे लक्षात राहते.

त्याच फाइलमध्ये एखादी खरी नक्कल, म्हणजे न्यायालयाने प्रमाणित करून दिलेली प्रत, असेल तर ती उलटून मागची बाजू पाहा. तिथे शिक्क्यात अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल ताब्यात दिल्याची अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात आणि नक्कल मिळवायला जेवढा आवश्यक वेळ गेला तेवढा मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वगळला जातो, म्हणून त्या तारखांवर कधी कधी अख्खे अपील उभे असते. नक्कल तयार होऊन पडलेली असताना ती आणायला आपण उशीर केला, तर ते दिवस वगळून मिळत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षी मी ही चूक केली होती. अपील कसेबसे वाचले, पण त्यासाठी उशीर माफीचा वेगळा अर्ज करावा लागला आणि पक्षकाराला जो भुर्दंड पडला तो मला अजून आठवतो.

उत्तर २: उशिरा सनद, सांगली

वरील उत्तराशी मी बरीचशी सहमत आहे, परंतु एलएल.बी.चा विचार त्यांनी बाजूला ठेवला तो मला ठेवावासा वाटत नाही. मी एका शाळेत लिपिक होते, एक्केचाळिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला आणि आज वकिली करते. त्यामुळे या वाटेवर काय काय आडवे येते ते सांगू शकते.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कोणतीही पदवी चालते; खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के, इतर मागास वर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती मराठीतूनही देता येते. वयाची चिंता करू नका, माझ्या वर्गात एक निवृत्त तलाठी होते. चिंता करायची ती हजेरीची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी आवश्यक आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीतच ती ६५ पर्यंत शिथिल होऊ शकते. त्याच नियमांनुसार वर्ग सकाळी आठ ते सायंकाळी सात या वेळेत भरवता येतात, म्हणजे पूर्वीसारखी रात्रीची विधी महाविद्यालये आता उरलेली नाहीत. दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही, हेही कुणी वेगळे सांगितले तर ऐकू नका. दहा ते सहा नोकरी करणाऱ्या बाईला इचलकरंजीहून कोल्हापूरला सकाळच्या तासांना येऊन पुन्हा वेळेवर कामावर हजर व्हायचे, हे रोज, तीन वर्षे करावे लागेल. मी ते केले कारण माझी शाळा दुपारच्या सत्रात भरत असे आणि मुख्याध्यापकांनी मला सांभाळून घेतले. आपल्या संस्थेचे व्यवस्थापन किती सांभाळून घेईल, हे प्रवेश अर्ज भरण्याआधी स्पष्टपणे विचारा आणि मिळाल्यास लेखी परवानगी घ्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती मला पदवी हातात आल्यावर उमगली. पूर्णवेळ पगारी नोकरी करत असताना सनद घेऊन वकिली करता येत नाही. म्हणजे एलएल.बी. झाल्यावर आपल्यासमोर दोनच दारे असतील: नोकरी सोडून सनद घेणे, किंवा नोकरी ठेवून पदवीचा उपयोग संस्थेतच विधी अधिकारी म्हणून करणे. मी नोकरी सोडली. पहिली दोन वर्षे घरात माझा पैसा जवळजवळ आलाच नाही, आणि यजमानांची नोकरी पक्की होती म्हणूनच ते जमले. ज्या घरात दोन्ही पगारांवर हप्ते चालतात त्या घराने हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

आपल्यासाठी मला आणखी एक परीक्षा योग्य वाटते, जिचा उल्लेख इथे झालेला नाही. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही शासकीय पदविका पदवीधरांना घेता येते. तिच्यात सहकारी कायदा, इतर कायदे, हिशेब आणि लेखापरीक्षण हे विषय असतात, परीक्षा वर्षातून एकदा साधारणपणे मे महिन्यात होते, हजेरीची अट नाही आणि उत्तरे मराठीतून लिहिता येतात. पतसंस्थेत या पदविकेला मान आहे. पॅरालीगल हा शब्द तिच्या नावात नाही, पण आपण ज्या कायद्याच्या कुशीत रोज बसता तो कायदा तिच्यामुळे मुळापासून वाचून होईल. इग्नूची पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविकाही वाईट नाही. बारावी उत्तीर्ण असले की प्रवेश मिळतो, ती किमान एका वर्षाची आहे आणि खासगी संस्थेने सांगितलेल्या रकमेच्या तुलनेत तिचा खर्च फारच कमी आहे. माध्यम मात्र इंग्रजी किंवा हिंदी.

उत्तर ३: विधी स्वयंसेवक, कराड

मी निवृत्त शिक्षक असून तालुका विधी सेवा समितीमार्फत विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. इंग्रजीत यालाच पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणतात आणि नावातील साम्यामुळे अनेक जण ही नोकरी समजून अर्ज करतात, म्हणून आधी खुलासा करतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, ही योजना २००९ साली आणली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी, बचत गटातील महिला, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी अशा लोकांतून निवड होते, प्रशिक्षण दिले जाते, ओळखपत्र मिळते आणि ज्या दिवशी काम नेमून दिले जाते त्या दिवसाचे मानधन मिळते. तो पगार नव्हे, आणि पैसा मिळवण्याच्या हेतूने कुणी यात येऊ नये अशीच योजनेची अपेक्षा आहे.

तरीही आपल्याला मी याचा आग्रह करीन. आपण आजवर कर्जदाराला टेबलाच्या एका बाजूने पाहिले आहे. विधी सेवा केंद्रात बसलात की तोच माणूस दुसऱ्या बाजूने दिसतो. मागच्या पावसाळ्यात एक विधवा बाई पिशवीत कागदांचे भेंडोळे घेऊन आमच्याकडे आल्या. दिरांनी वाटणीचा दावा लावला आहे एवढेच त्यांना माहीत होते. पिशवीतून लाइट बिले, रेशनकार्ड आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला निघाला, आणि सर्वांत तळाशी चौपदरी घडी घातलेले समन्स निघाले, ज्यावरची तारीख चार दिवसांवर आली होती. त्यांना वाचता येत होते, परंतु समन्स ही धमकीची चिठ्ठी असते आणि ती घेतली की गुन्हा कबूल केल्यासारखे होते, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची मर्यादा न पाहता मोफत वकील मिळू शकतो, हे समजावून सांगून त्याच दुपारी त्यांचा अर्ज भरून घेतला. माझे काम तेवढेच होते. दाव्यात काय भूमिका घ्यायची ते मी सांगितले नाही, आणि सांगायलाही नको होते.

ही मर्यादा शिकणे फार मोलाचे आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा हक्क फक्त सनदधारक वकिलाला आहे आणि तो नसताना वकिली करणाऱ्याला कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. माहिती देणे, अर्ज भरून देणे, योग्य दारापर्यंत पोहोचवणे आणि कागद जुळवणे हे आपले काम. सल्ला, मसुद्यावरची अंतिम जबाबदारी आणि न्यायालयात बाजू मांडणे हे वकिलांचे. गावात आपल्याला कायदा कळतो अशी ख्याती झाली की लोक रात्री घरी येऊन विचारू लागतात, आणि आपुलकीपोटी तोंडून शब्द निघून जातो. त्या वेळी १५१०० हा नालसाचा मदत क्रमांक लिहून द्यावा आणि सकाळी तालुका न्यायालयात यायला सांगावे, हे मी स्वतःला सवयीने लावून घेतले आहे.

उत्तर ४: मिसिसागा, कॅनडा

मी मूळची मिरजेची आणि गेली अकरा वर्षे ओंटारिओत राहते. खासगी अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत कॅनडा-अमेरिकेतील पॅरालीगलच्या पगाराचे आकडे दाखवले जातात, म्हणून थोडे लिहिते. ओंटारिओत २००७ पासून पॅरालीगल हा परवानाधारक व्यवसाय आहे. मान्यताप्राप्त महाविद्यालयाचा अभ्यासक्रम, त्यात किमान १२० तासांचे प्रत्यक्ष काम, मग लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओची परीक्षा आणि चारित्र्याची पडताळणी, एवढे झाल्यावर लहान रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयात, भाडेकरू-घरमालक लवादापुढे आणि वाहतुकीच्या गुन्ह्यांत पक्षकाराच्या वतीने स्वतः उभे राहता येते. मी हे शिक्षण बँकेतील नोकरी सांभाळून अडतिसाव्या वर्षी पूर्ण केले. याउलट अमेरिकेत पॅरालीगल सहसा वकिलाच्या देखरेखीखालीच काम करतो. तेव्हा एकाच शब्दाचे तीन देशांत तीन अर्थ आहेत, आणि भारतातील सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला इथला परवाना देताना धरले जात नाही.

अभ्यासाविषयी माझा अनुभव असा की रात्री नऊनंतर नवीन काही डोक्यात जात नाही. मी रात्री फक्त लिहीत असे, म्हणजे दिवसा बसमध्ये वाचलेले कलम पुस्तक न उघडता स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवत असे, आणि नवीन वाचन पहाटे करत असे.

वसुली विभाग, इचलकरंजी

सर्वांचे मनापासून आभार. छत्तीस दिवसांचा उलगडा झाला याचे समाधान शब्दांत सांगता येणार नाही. तीच फाइल काल पुन्हा काढली आणि कलम १३८ समोर ठेवून पहिल्यापासून वाचली.

विचाराअंती असे ठरवते आहे. खासगी अभ्यासक्रम घेणार नाही. एलएल.बी. मुलीची बारावी होईपर्यंत थांबू शकते. त्या वेळी मी बेचाळीस वर्षांची असेन आणि तोपर्यंत व्यवस्थापनाशी बोलून ठेवेन. येत्या वर्षी जी.डी.सी. अँड ए. ची तयारी करायची, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांसाठी अर्ज मागवले की अर्ज करायचा. मात्र माझी संस्थाच अनेकांविरुद्ध वसुली करत असताना मी विधी स्वयंसेवक झाले तर ते योग्य ठरेल का, ही शंका मनात आहे. दुसरे असे की कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तिथल्या वकिलांच्या कार्यालयांत कामाला माणसे हवी आहेत असे ऐकते. नोकरी न सोडता तिथे काही शिकायला मिळेल का?

विधी स्वयंसेवक, कराड

शंका रास्त आहे आणि ती अर्ज करतानाच लेखी मांडावी. आपण कुठे नोकरी करता ते अर्जात स्पष्ट लिहा, आणि आपल्या संस्थेचा कर्जदार किंवा जामीनदार समोर आला तर ते प्रकरण तत्काळ दुसऱ्या स्वयंसेवकाकडे सोपवा. त्याने आपल्याला सांगितलेले एक वाक्यही संस्थेत बोलायचे नाही. हे पाळणे शक्य नाही असे वाटत असेल, तर थांबलेले बरे.

कारकून, कोल्हापूर

ताई, सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची जी कामे मुंबईला जात होती ती इथे येऊ लागली. आपल्यासारख्या व्यक्तीला त्यात एक काम नक्की शिकता येण्यासारखे आहे, ते म्हणजे भाषांतर. खालच्या न्यायालयांतील दावा, कैफियत, साक्षी, सातबारा, फेरफार हे सगळे मराठीत असते आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे कागदांची इंग्रजी भाषांतरे सतत लागतात. कब्जेवहिवाट, चतुःसीमा, एकत्र कुटुंबाचा कर्ता, दाव्यास कारण घडले असे शब्द ज्याला बिनचूक उतरवता येतात असा माणूस सहजासहजी मिळत नाही. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा आणि रोज रात्री दाव्याचे एकच पान भाषांतरित करा. सहा महिन्यांनी एखाद्या वकिलांना नमुना दाखवा. हे काम घरी बसून करता येते. मात्र बाहेरचे काम घेण्याआधी संस्थेच्या सेवानियमांत त्याला हरकत आहे का, ते पाहून घ्या.

तोवर उद्यापासून करता येईल असे एक काम सांगतो. न वटलेल्या धनादेशांसाठी स्वतंत्र नोंदवही घाला. रकाने असे आखा: कर्जदाराचे पूर्ण नाव आणि कर्ज खाते क्रमांक, धनादेश क्रमांक, धनादेशाची तारीख, मेमो मिळाल्याची तारीख, नोटीस पाठवण्याचा शेवटचा दिवस, नोटीस त्याला मिळाल्याची तारीख, पंधरा दिवस संपण्याची तारीख, फिर्यादीचा शेवटचा दिवस. आडनावाऐवजी खाते क्रमांकाने फाइल काढली की कागद दुसऱ्या फाइलमध्ये जाणार नाही.

मोजणी कशी करायची तेही पाहा. मेमो ४ मार्चला मिळाला तर तो दिवस धरायचा नाही. ५ मार्च हा पहिला दिवस, म्हणजे तिसावा दिवस ३ एप्रिल. नोटीस त्याला १० एप्रिलला मिळाली तर पंधरा दिवस २५ एप्रिलला संपतात आणि २६ ला फिर्यादीचे कारण घडते. पुढची मुदत एका महिन्याची आहे, तीस दिवसांची नव्हे, आणि कारण घडल्याचा दिवस वगळला की ती २६ मे रोजी संपते. आमच्या नोंदवहीत मात्र आम्ही २० मे लिहितो, कारण संस्थेचा ठराव, अधिकारपत्र आणि व्यवस्थापकांची सही या तीन गोष्टी शेवटच्या दिवशी कधीही एकत्र सापडत नाहीत. नोटिशीची टपाल पावती आणि पोच मेमोच्या मागे त्याच दिवशी टाचून ठेवा. फिर्यादीच्या वेळी सर्वांत आधी तीच मागितली जाते.